ठासणीवाला धुरी

धुरी कुठल्याही गोष्टीत आधी काठी घालून बघायचा. आखातात, बिन ओमरानला आम्ही चौघे एका खोलीत राहायचो, तिच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती. पाणी आहे का रे, असं कुणी विचारलं की आमचं ठरलेलं उत्तर, ‘असेल की.’ धुरी शुक्रवारी आला की चपला काढायच्या आधी गच्चीवर जायचा, कोपऱ्यातली वेताची काठी टाकीत बुडवायचा, ओल कुठवर आली ते अंगठ्याने धरून खाली यायचा आणि जाहीर करायचा, “वीतभर असा. आज एकेक बादली.” तेलाचा डबा, तांदळाची गोणी, माझ्या पिकअपची डिझेलची टाकी, सगळीकडे हेच. बुटात पाय घालायच्या आधीसुद्धा काडी फिरवायचा. एकदा विंचू निघाला, तेव्हापासून आम्ही हसायचं बंद केलं.

माणूस सावंतवाडीकडचा. काळा, काटकुळा, आणि बोलताना एक डोळा किंचित मिटलेला, जणू समोरच्यावर नेमच धरलाय. मुऐदरच्या बाजूला एका अरबाच्या गॅरेजमध्ये तो टर्नर होता. त्या मालकाला सगळे अरबाब म्हणायचे, आम्हीही तेच म्हणतो. मी नाशिकचा, एका कंत्राटी कंपनीत स्टोअरकीपर. आमची ओळख टपालामुळे झाली. तिकडे घरपोच पत्र यायची सोय नव्हती, सगळं टपाल पोस्टाच्या पेटीत यायचं. पेटी असायची कंपनीच्या नावाची. धुरीच्या गॅरेजला पेटी होती, पण त्याची किल्ली अरबाबकडे आणि अरबाब कधी जाईल तेव्हा जाईल. म्हणून त्याने गावी माझ्या कंपनीचा पत्ता दिला होता. दर शुक्रवारी वक्र्याहून आणलेली मासळी हातात घेऊन तो दारात उभा राहायचा आणि पहिला प्रश्न, “काय नाशिककर, टपाल इलां?”

मी तोंडाचा फटकळ. कुणी काही केलं की मी लगेच त्याची सात पिढ्यांपर्यंत खबर घ्यायचो. धुरी सुरमई साफ करता करता मान वर न करता म्हणायचा, “आदी गज घाल, मगे बोल.”

गज म्हणजे काय, ते मला तिथेच कळलं. धुरीच्या घरी ठासणीची बंदूक होती. तोंडाकडून भरायची. आधी दारू ओतायची, त्यावर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. मागे घोड्याखाली टोपी बसवली की बार तयार. त्यांच्या घरची बंदूक लहान नळीची, करंगळी जेमतेम जाईल एवढी. ससे, कवडे, रानकोंबडे, एवढ्यापुरतीच. परवाना शेताच्या राखणीसाठी वडिलांच्या नावे. अशी बंदूक भरलेली आहे का रिकामी, हे बाहेरून ब्रह्मदेवालाही कळत नाही. गज आत सोडायचा. तळाला टेकला तर त्यावरची खूण नळीच्या तोंडाशी येते. चार बोटं वर राहिला, तर आत बार आहे. वडिलांनी धुरीला तो नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा शिकवलं ते हे, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे शेवटचंही हेच.

आता शायबाचा किस्सा सांगतो. शायब म्हणजे तिकडच्या बोलीत म्हातारा. अरबाबचे वडील. मुऐदरच्या पलीकडे त्यांचा मळा होता, खजुराची झाडं, दहाबारा शेळ्या, एक विहीर. शायब कायम तिथेच. एके दिवशी अरबाब वडिलांची जुनी बंदूक गॅरेजमध्ये घेऊन आला. शायबाच्या वडिलांनी मोत्यांच्या व्यापाराच्या काळात ती मुंबईहून आणलेली. घोड्याचा स्क्रू तुटला होता. गॅरेजमधली पोरं एकेक करून ती खांद्याला लावत होती, एकमेकांवर नेम धरत होती, तोंडाने ‘ठो ठो’ करत होती. मी पिकअपचं काम करून घ्यायला तिथेच बसलो होतो. धुरी लेथ सोडून आला, बंदूक हिसकावून घेतली आणि एक सळई नळीत सोडली. मग बाहेरून नळीला लावून मोजली.

“भरलेली असा,” तो म्हणाला.

अरबाब हसला. तीस वर्षांत कुणी ती उडवली नव्हती म्हणे. धुरीने लेथवर एक पेच कातला, म्हणजे बाटलीचं बूच काढायचं असतं ना तसं नागमोडी टोक, तो सळईला बसवला आणि नळीत फिरवून ओढला. आधी चिंधीचा बोळा आला, मग छर्रे घरंगळले, मग दुसरा बोळा, आणि शेवटी काळी दारू, वाळूसारखी कोरडी. ज्या पोराच्या छातीवर दोन मिनिटांपूर्वी नेम होता, तो खाली बसला. त्यानंतर गॅरेजमध्ये धुरीला जो मान मिळाला तो काय सांगू! शायबाने त्याला मळ्यावर बोलावलं, शेजारी बसवलं, स्वतःच्या हाताने कहवा ओतून दिला. म्हाताऱ्याच्या मते त्या मुलखात बंदूक कळणारी आता दोनच माणसं उरली होती, एक तो आणि एक हा हिंदी.

पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. बार बाहेर आल्यावर सगळे टाळ्या पिटत होते आणि धुरीचं तोंड राखेसारखं झालं होतं. पुढचे दोन शुक्रवार तो आलाच नाही.

त्यानंतर दर हिवाळ्यात तो शायबाचा ठासणारा झाला. थंडी पडली की शुक्रवारी सकाळी शायब, धुरी आणि एक जुनी जीप. मीही दोनचारदा गेलो. खरं सांगायचं तर मला शिकारीत काही रस नव्हता, पण धुरीचं ठासणं बघण्यासारखं असायचं. दारू मोजायला त्याने पितळेचं माप केलं होतं. तेवढ्याच मापाने छर्रे, कणभर कमी ना जास्त. “ल्हान नळी रागीट असता,” म्हणायचा, “जास्त खाऊक घातलां तर ओकता.” काथ्या तिथे कुठला मिळणार? मग खजुराच्या बुंध्यावरची जाळीदार साल सोलून तिचे बोळे. टोप्या संपल्या तेव्हा बाजारातून खेळण्यातल्या पिस्तुलाच्या टिकल्या आणल्या आणि त्या पत्र्याच्या वाटीत बसवून टोप्या केल्या. शायब जमिनीला टेकून खुरट्या झुडपामागे ससा शोधायचा, धुरी बंदूक भरून त्याच्या हातात द्यायचा. एक बार, एक ससा. चुकला तर पुन्हा भरेपर्यंत ससा पार बहरीनला. म्हातारा खदाखदा हसायचा. जीपमध्ये बसून दोघे काय बोलायचे देव जाणे, एकाला हिंदी येत नाही आणि दुसऱ्याची अरबी ‘यल्ला’ आणि ‘खलास’च्या पुढे गेलेली नाही. पण तासन्‌तास बोलायचे.

आणि हेच त्याला नडलं. दोन वर्षांनी रजा असते. धुरीची दोन झाली, तीन झाली, चौथं लागलं. रजा मागितली की अरबाब खांद्यावर हात ठेवायचा, “शिकार खलास, बाद में छुट्टी, इन्शाल्ला.” हिवाळा संपला की गॅरेजमध्ये काम असायचं, काम संपलं की हिवाळा. पासपोर्ट अरबाबच्या कपाटात. तो काही दुष्ट माणूस नव्हता. म्हातारा बाप खूश आहे, मग हा हिंदी कशाला जायला पाहिजे, एवढंच त्याचं गणित. मी म्हणायचो, “अरे, ठासणं वाईट कर ना! दोन बार फुसके काढ, आपोआप सोडतील.” त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्याला चोरी करायला सांगितली.

वडील गेल्याचं पत्र आलं तेव्हा तो माझ्या खोलीत गुडघ्यात डोकं घालून बसला. आम्ही समजूत घातली, चहा दिला. दुःख असणारच, आम्हाला वेगळं काही वाटलं नाही. चार महिन्यांनी धाकट्या भावाचं, दिगूचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं, कारण दिगूचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. घरचं सगळं बरं आहे. वहिनीचा खोकला गेला. सशांनी कुळीथ राखला नाही. बंदुकीचा परवाना माझ्या नावावर होतोय, कागद फिरतायत. झाला की दारू आणि टोप्या घेऊन येतो आणि बाबांची बंदूक खाली काढतो.

धुरीने पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं. त्याला नीट वाचता येत नव्हतं, तरी त्या शेवटच्या ओळीकडे बघत राहिला.

“ती भरलेली असा,” तो म्हणाला.

“कोण?”

“आमची बंदूक. मी भरून ठेवन इलंय.”

मग सगळं बाहेर आलं. मुंबईच्या एजंटाची तार आली त्या दिवशी संध्याकाळी तो बंदूक भरून कुळथाच्या शेतात बसला होता. ससा आला नाही. घरात भरलेली बंदूक आणायची नाही, ही वडिलांची सक्त ताकीद. बाहेरच बार उडवून यायचं. पण छर्रे आणि दारू विकत आणावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी. त्याने टोपी काढून घेतली, बंदूक तशीच माळ्यावर टांगली. वडिलांनी वयामुळे बंदूक हातात घेणं केव्हाच सोडलं होतं. दोन वर्षांत येतोच आहे, आल्यावर उडवीन. टोपीशिवाय काही होत नाही. हे खरंही होतं. आयुष्यात एकदाच त्याने असं केलं, आणि ते कुणालाही सांगितलं नाही.

“अरे, मग पत्रात कळवायचंस की!” मी ओरडलो. “चार वर्षं काय अंडी उबवत होतास?”

“बापाशीक काय लिवू? तुमच्या झिलान भरलेली बंदूक घरात टांगली म्हणान? तेंका तोंड कसां दाखवलां असतां?”

बाप जिवंत होता तोवर लाज वाटली, आणि बाप गेल्यावर त्याला वाटलं की आता बंदूक कोण काढतोय. दिगूला त्यातलं काही येत नव्हतं. तो मुंबईला मामाकडे वाढलेला, वडिलांनी त्याला गज कधी हातात दिलाच नव्हता. तो बंदूक खाली काढणार, रिकामी समजून वर दुसरा बार ठासणार, आणि ती करंगळीएवढी नळी दोन बारांनी फुटणार. चेहऱ्याजवळ. धुरी खोलीत येरझाऱ्या घालत होता आणि मध्येच थांबून स्वतःलाच धीर देत होता. चार पावसाळे गेले, दारू सादळली असेल. मग स्वतःच मान हलवायचा. शायबाची तीस वर्षांनी कोरडी निघाली होती.

पत्रावरचा शिक्का एकवीस दिवसांपूर्वीचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तार करायला गेलो. आता इथे माझी करणी सांगायला हवी, आणि ती मी कुणालाच सांगितलेली नाही. फॉर्मवर मी इंग्रजीत लिहिलं, बंदूक भरलेली आहे, हात लावू नका. काउंटरवरच्या मल्याळी बाबूने वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “गन? किसका गन?” बस्स, एवढंच. सहज विचारलं असेल बिचाऱ्याने. पण माझी पाचावर धारण बसली. परका मुलूख, बंदुकीची तार, खाली माझ्या कंपनीची पेटी. उद्या पोलीस दारात आले तर? नोकरी गेली तर? मी फॉर्म परत घेतला आणि फाडला. धुरी काउंटरची कड धरून उभा होता. त्याला सांगितलं, तार नको, यात भानगड होईल. आमच्या कंपनीच्या कॅम्पातला एकजण परवा मुंबईला जातोय, त्याच्या हाती चिठ्ठी देऊ, टपालापेक्षा लवकर पोचेल. तिकडे सगळे तसंच करायचे. धुरीने विचारलं, “नक्की?” मी म्हणालो, “नक्की.” लोकांना गज घालायला सांगणाऱ्या माणसाने त्या दिवशी माझ्या शब्दात गज घातला नाही, कारण मी शिकलेला होतो.

चिठ्ठी गेली, पण धुरी काही थाऱ्यावर नव्हता. जेवायचा नाही. गॅरेजमध्ये एक बोट लेथमध्ये जाता जाता वाचलं. अरबाबला तो, खरं कारण न सांगता, दोनदा जाऊन भेटला, पाया पडायचाच काय तो राहिला होता. दोन्ही वेळा तेच उत्तर, शिकार, बाद में, इन्शाल्ला. मी म्हणालो, “शायबाला सांग ना सरळ!” पुष्कळ खोदून विचारलं तेव्हा कळलं. शायबाला ही गोष्ट सांगायची म्हणजे आपण भरलेली बंदूक घरात ठेवून आलोय हे कबूल करायचं. बापापुढे जी लाज, तीच म्हाताऱ्यापुढे. मला इतका संताप आला की मी त्याला मूर्ख, गाढव, काय वाट्टेल ते बोललो. आणि तो ऐकून घेत होता, हे तर त्याहून वाईट.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. वारा बोचरा होता. शायब झुडपामागे उकिडवा बसला, ससा दिसला, त्याने न बघता हात मागे केला. हात रिकामाच राहिला. धुरी बंदूक मांडीवर आडवी घेऊन वाळूत बसला होता. दारूची पिशवी उघडलीच नव्हती.

“यल्ला, यल्ला!” म्हातारा कुजबुजला.

धुरीने मान हलवली. मग तो रडायला लागला. पन्नाशीला टेकलेला माणूस, हमसून हमसून. ससा कधीच गेला होता. शायब गुडघ्यांवर हात टेकत उठला, त्याच्यासमोर येऊन बसला. धुरीने बंदुकीच्या नळीवर हात ठेवला, दूर पूर्वेकडे बोट केलं, म्हणाला, “बेत. घर. हिंद.” मग एक मूठ वाळूत टेकवली, तिच्यावर दुसरी मूठ ठेवली. आणि दोन्ही मुठी एकदम उघडून तोंडासमोर फाकवल्या.

मला जे समजायला पत्र आणि तासभराचं बोलणं लागलं होतं, ते म्हाताऱ्याला त्या दोन मुठींत कळलं. त्याचा चेहरा ताडकन बदलला. “वाहिद फोक वाहिद?” त्याने विचारलं, एकावर एक? धुरीने मान डोलावली. “मिन? कोन?” धुरी म्हणाला, “भाई.” शायबाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रागावला नाही, हसला नाही. उठला आणि जीपकडे जवळजवळ धावतच निघाला. त्या वयात त्याला तसं चालताना मी पहिल्यांदाच बघितलं.

त्याच दुपारी त्याने मुलाला काय सुनावलं ते आम्हाला कळलं नाही, पण आवाज मळ्याच्या फाटकापर्यंत येत होता. तिसऱ्या दिवशी धुरीच्या हातात पासपोर्ट होता, मुंबईचं तिकीट होतं, आणि शायबाने पाठवलेला खजुराचा डबा.

त्या तीन दिवसांत धुरी पुन्हा माणसात आला. गॅरेजमध्ये बसून त्याने घरच्या नळीच्या मापाचा पेच केला. पितळेचा, म्हणजे आत घासून ठिणगी पडायला नको. तो मला दाखवायला घेऊन आला. कसा घालायचा, किती फिरवायचा, ओलं करायला आधी किती पाणी सोडायचं, सगळं दोनदा सांगितलं. तो दिगूला शेजारी बसवून हे शिकवणार होता. “बाबांनी तेका शिकवूक नाय, मियांय शिकवूक नाय, ती माजीच चूक,” म्हणाला. दिगूचं पत्र आल्यापासून पहिल्यांदा त्याने आमच्याकडे पोटभर भात खाल्ला.

जायच्या दिवशी सकाळी मी ऑफिसला गेलो, तर पेटीतलं टपाल टेबलावर पडलं होतं. त्यात एक तार होती, माझ्या नावाने. दिगू गेला, बंदूक फुटली, धुरीला पाठवा.

मी ती किती वेळा वाचली, आठवत नाही. चिठ्ठी घेऊन गेलेला आमचा तो पठ्ठ्या परळला बहिणीच्या साखरपुड्यासाठी थांबला होता आणि चिठ्ठी त्याच्या बॅगेतच होती, हे मला पुढे कळलं. मी फाडलेली तार दोन दिवसांत पोचली असती. हे मला तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. कुणी सांगायची गरज पडली नाही.

विमान दुपारचं होतं. मी पिकअप घेऊन त्याला न्यायला गेलो, तार शर्टाच्या खिशात. ठरवलं होतं, रस्त्यात सांगायचं. रस्त्यात तो बोलतच होता. दिगू असं करतो, दिगू तसं करतो, लहानपणी सुट्टीला गावी आला की दिगूला कवड्याचं मटण आवडायचं नाही म्हणून आई कोंबडी म्हणून वाढायची. मी गिअर बदलत राहिलो. काय सांगणार होतो? तुझा भाऊ गेला, आणि मी तार फाडली म्हणून गेला?

विमानतळावर तपासणीवाल्याने पिशवी उघडली. कपडे, डबा, एक साडी, आणि रुमालात गुंडाळलेला तो पेच. त्याने तो उचलून उजेडात धरला, “हे काय आहे?” धुरी खुलला. हातवारे करून त्याने त्या पोरगेल्या पोलिसाला पूर्ण समजावलं, नळी अशी, आत बार, हे असं फिरवायचं आणि असं बाहेर. मागे रांग खोळंबली होती. पोलिसाला काय समजलं कुणास ठाऊक, पण तो हसला आणि त्याने पेच परत रुमालात ठेवला.

धुरी पुढे गेला, मग काहीतरी आठवल्यासारखा कठड्यापाशी परत आला. एक डोळा बारीक करून त्याने माझ्याकडे बघितलं.

“नाशिककर, टपाल काय इलां?”

माझा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

“नाही,” मी म्हणालो. “काही नाही.”

“मगे बरां,” तो म्हणाला. “काय इलां नाय म्हणजे घरात सगळां बरां असा.” आणि पिशवी खांद्याला मारून तो आत गेला.